न तापलेल्या सर्व्हरचा ताप

घरगुती सर्व्हर म्हणजे घरातच रात्रंदिवस चालू ठेवलेला आणि घरातील इतर उपकरणांना काही ना काही सेवा पुरवणारा संगणक. मग तो कुटुंबाची छायाचित्रे आणि कागदपत्रे साठवणारा असो, दाराबाहेरच्या कॅमेऱ्याचे चित्रण जपून ठेवणारा असो किंवा घरातल्या सगळ्या फोनांवरच्या जाहिराती गाळणारा असो. निवृत्त झालेला लॅपटॉप, तळहातावर मावणारा रास्पबेरी पाय, जुन्या बाजारातून आणलेला कचेरीतला सर्व्हर किंवा सुटे भाग जोडून बांधलेले यंत्र, यांपैकी कोणालाही या कामाला जुंपता येते. त्याची जागा बहुधा माळ्यावर, टीव्हीच्या कपाटात किंवा जिन्याखाली असते आणि रोज तिकडे कोणी फिरकत नाही, म्हणूनच त्याच्या तापमानावर नजर ठेवण्याचे काम एखाद्या सॉफ्टवेअरवर सोपवलेले असते. मर्यादा ओलांडली गेली की ते मालकाच्या फोनवर इशारा पाठवते. मालक धावत जाऊन यंत्र उघडतो, तेव्हा पंखे सुरळीत फिरत असतात, आतली हवा जेमतेम कोमट असते आणि पडद्यावर मात्र ९५ अंशांचा आकडा लाल रंगात लुकलुकत असतो.

अशा इशाऱ्याचा छडा लावताना एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते, ती अशी की सॉफ्टवेअरने उष्णता पाहिलेली नसते, त्याने दोन आकड्यांची तुलना केलेली असते. एक आकडा संवेदकाकडून, म्हणजे तापमान जाणणाऱ्या सूक्ष्म घटकाकडून, चार-पाच हात बदलत आलेला असतो आणि दुसरा कोणीतरी कधीतरी मर्यादा म्हणून लिहून ठेवलेला असतो. संवेदक, त्याच्या विद्युतदाबाचे अंकात रूपांतर करणारे मंडल, तो अंक जिथे ठेवला जातो ते रजिस्टर, रजिस्टर वाचून अंशांत सांगणारा ड्रायव्हर आणि ड्रायव्हरवर विसंबलेला देखरेखीचा कार्यक्रम, अशी ही साखळी आहे. तिच्यातील प्रत्येक सांध्याला खोट्या इशाऱ्याची आपली अशी एक तऱ्हा आहे, आणि ती तऱ्हा ओळखता आली की यंत्राचा स्क्रूही न सोडवता निम्मे निदान होते.

साखळीचे पहिले टोक आश्चर्य वाटावे इतके साधे आहे. सिलिकॉनच्या डायोडमधून, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या घटकामधून, ठरावीक क्षीण प्रवाह सोडला, तर त्याच्या दोन टोकांमधील विद्युतदाब दर अंश सेल्सिअसला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरत जातो. ही उतरण जवळजवळ सरळ रेषेत असल्यामुळे विद्युतदाब मोजला की तापमान काढता येते, आणि प्रोसेसर सिलिकॉनचाच असल्याने असा डायोड त्याच्या पोटातच कोरता येतो. मदरबोर्डवर इतरत्र, हवेच्या वाटेत किंवा विद्युतपुरवठ्याच्या भागाजवळ, थर्मिस्टर वापरतात. तापमान वाढले की ज्याचा विद्युतरोध घटतो असा हा रोधक असून २५ अंशांना १० हजार ओहम रोध असणारा प्रकार सर्रास आढळतो. दोन्ही पद्धतींत मोजले जाते ते विजेचे एखादे परिमाण, तापमान नव्हे, आणि २ मिलिव्होल्टला एक अंश हा भाव लक्षात घेतला, तर १० मिलिव्होल्टच्या किरकोळ गडबडीने आकडा पाच अंशांनी का सरकतो हेही उमगते.

प्रोसेसरच्या पोटातील मोजणीविषयी बहुतेकांचा एक गोड गैरसमज असतो, तो म्हणजे तिथे थर्मामीटरसारखे शून्यापासून वर मोजले जाते. इंटेलच्या प्रोसेसरांत उलट मोजणी असते. कारखान्यात प्रत्येक प्रोसेसरसाठी कमाल तापमानाची एक खूण ठरवलेली असते आणि संवेदक त्या खुणेपासून आपण किती अंश खाली आहोत एवढेच सांगतो. अंतर ४० आणि खूण १०० असेल, तर ड्रायव्हर वजाबाकी करून ६० अंश असे जाहीर करतो. नव्या प्रोसेसरांत ही खूण यंत्रातूनच वाचता येते, परंतु जुन्या काहींत ती वाचण्याची सोयच नव्हती, म्हणून लिनक्सच्या कोअरटेम्प या ड्रायव्हरमध्ये कोणत्या नमुन्याची खूण किती याची यादी घालून ठेवावी लागली. घरगुती सर्व्हर म्हणून पुष्कळ वापरल्या गेलेल्या ॲटम मालिकेत ही खूण एका नमुन्यात ९० अंशांवर, दुसऱ्यात १०० वर, तर तिसऱ्यात १२५ वर आहे. खूण चुकीची धरली गेली की प्रत्येक आकडा तेवढ्याच अंशांनी चुकतो, अंतर मात्र बिनचूक असते. त्यामुळे अशा यंत्राबाबत तापमान किती हे विचारण्यापेक्षा कमाल खुणेपासून किती अंतर उरले हे विचारणे अधिक शहाणपणाचे ठरते. खुणेपासून फार खाली, म्हणजे यंत्र बऱ्यापैकी थंड असताना, हे संवेदक फारसे अचूकही नसतात, कारण त्यांचे काम धोक्याच्या जवळ खरे बोलण्याचे आहे.

याहून चमत्कारिक उदाहरण एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरांचे आहे. मार्च २०१७ मध्ये हे प्रोसेसर बाजारात आले तेव्हा १७००एक्स आणि १८००एक्स हे दोन नमुने आपल्या धाकट्या भावंडांपेक्षा पुष्कळच अधिक तापलेले दिसू लागले आणि उत्तम कूलर बसवूनही आकडा खाली येईना. कंपनीने त्याच महिन्यात खुलासा केला की या नमुन्यांच्या आकड्यात २० अंश मुद्दाम मिळवलेले आहेत. हा आकडा म्हणजे टी-कंट्रोल नावाचे मूल्य, ते पंख्यांचा वेग ठरवण्यासाठी आहे, आणि मालिकेतल्या सर्व नमुन्यांना पंख्याचे एकच धोरण लागू करता यावे म्हणून काही नमुन्यांना अशी वरकड चढवलेली होती. पुढे २७००एक्समध्ये ही वरकड १० अंशांची झाली आणि थ्रेडरिपर या थोरल्या मालिकेतील १९५०एक्समध्ये ती २७ अंशांची होती. एरवी ५५ अंशांवर निवांत काम करणारा प्रोसेसर त्यामुळे ७५ सांगे, आणि ७५ ला इशारा लावलेला मालक हवालदिल होई. येथे संवेदक बिघडलेला नाही, ड्रायव्हरही खोटे बोलत नाही. पंख्यासाठी लिहिलेली चिठ्ठी माणसाने वाचली एवढाच घोटाळा आहे. लिनक्सच्या के-१०-टेम्प या ड्रायव्हरने नंतर हे अंश स्वतःच वजा करून खरे तापमान निराळे दाखवायला सुरुवात केली. त्यातून एक उलटा धोका निर्माण होतो, तो असा की ज्याने आधीच आपल्या मांडणीत २० ची वजाबाकी हाताने लिहून ठेवली असेल, त्याच्या यंत्रावर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अद्ययावत होताच वजाबाकी दोनदा होते आणि खरोखर तापलेला प्रोसेसरही शांत दिसू लागतो.

प्रोसेसरबाहेरची तापमाने बहुतेक मदरबोर्डांवर सुपर-आयओ नावाची एक चिप गोळा करते. पंख्यांचे फेरे, विद्युतदाब आणि तापमान या सगळ्यांची मोजदाद तिच्याकडे असते आणि तिला तापमानाच्या तारा जोडण्यासाठी चार, सहा किंवा त्याहून अधिक पाय असतात. मदरबोर्ड बनवणारा त्यांतले दोन-तीनच वापरतो आणि उरलेले पाय मोकळे सोडतो. चिप मात्र सगळ्याच पायांवरचा विद्युतदाब इमानदारीने मोजत राहते आणि ड्रायव्हर सगळ्यांचेच आकडे पडद्यावर मांडतो. लोंबकळणाऱ्या पायावर काहीही उमटू शकते, तरी त्यातही काही ठरलेले चेहरे आहेत. १२७ अंश हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध, कारण आठ बिटांत धन आणि ऋण दोन्ही संख्या बसवायच्या तर सर्वांत मोठी संख्या १२७ आणि सर्वांत लहान उणे १२८ इतकीच मावते; म्हणून संवेदकाच्या जागी पोकळी असली की आकडा यांपैकी एका टोकाला जाऊन चिकटतो. मदरबोर्डवर कुठेतरी खरोखर १२७ अंश झाले असते, तर त्याची बातमी ईमेलआधी नाकाला लागली असती.

एलएम-सेन्सर्स या लिनक्सवरील प्रचलित साधनात अशा मोकळ्या पायांची नावे बहुधा ऑक्सटिन-० , ऑक्सटिन-१ अशी दिसतात. याच साधनात एनव्हीएमई प्रकारच्या, म्हणजे थेट मदरबोर्डवर बसणाऱ्या वेगवान साठवण-पट्टीच्या, ओळीशेजारी कित्येकदा कमाल मर्यादा ६५२६१.८ अंश आणि किमान मर्यादा उणे २७३.१ अंश अशी छापलेली आढळते. सूर्याचा पृष्ठभाग साधारण साडेपाच हजार अंशांचा असताना ही मर्यादा कोणत्या ताऱ्यासाठी आहे, असा प्रश्न पडावा. उत्तर मात्र साध्या अंकगणितात आहे. एनव्हीएमईच्या नियमांनुसार तापमान केल्विनमध्ये नोंदवतात आणि त्यासाठी सोळा बिट राखलेले असतात. मर्यादा ठरवलेलीच नसेल, तर वरच्या बाजूस सोळा बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या, ६५५३५, राहते आणि खालच्या बाजूस शून्य, त्यांतून २७३.१५ वजा करून सेल्सिअस काढले की हे दोन आकडे हजर होतात. मदरबोर्डच्या अंगभूत सॉफ्टवेअरकडून मिळणारे एसीपीआय नावाचे तापमानही याच जातीचे असते. ते केल्विनच्या दशांशांत येते आणि कित्येक बोर्डांवर ते मोजलेले नसून एकदाच लिहून टाकलेले असते, त्यामुळे मे असो वा डिसेंबर, यंत्र २७.८ अंश हाच घोष लावून असते. न बदलणारा आकडा इशारा देत नाही म्हणून कोणी त्याच्याकडे लक्ष देत नाही, पण तो ज्या कामासाठी नेमला आहे ते काम तो करत नाही, हेही तितकेच खरे.

आकडा संशयास्पद वाटला, की त्याची उलटतपासणी घेण्यासाठी उष्णतेचे स्वतःचे नियम साक्षीला बोलावता येतात. कोणत्याही भागाचे स्थिर तापमान ढोबळमानाने खोलीचे तापमान अधिक त्या भागात खर्च होणारी वीज गुणिले उष्णतेच्या वाटेतील अडथळा इतके असते. या अडथळ्याला औष्णिक रोध म्हणतात आणि तो अंश प्रतिवॅट या मापात सांगतात. प्रोसेसर निवांत असताना १५ वॅट खात असेल आणि त्याच्यावरच्या हीटसिंकचा, म्हणजे उष्णता पसरवून हवेला देणाऱ्या पात्यांच्या धातुखंडाचा, एकूण रोध अर्धा अंश प्रतिवॅट असेल, तर तो खोलीपेक्षा साडेसात अंशांनीच गरम राहील. खोली ३२ अंशांची असताना अशा प्रोसेसरने ९५ दाखवले, तर एक तर आकडा खोटा आहे किंवा रोध अर्ध्यावरून चारच्या वर गेला आहे, म्हणजे बहुधा हीटसिंक निखळला आहे. तिसरी शक्यता नाही.

दुसरी साक्ष काळाची. वस्तुमान असलेली वस्तू तापायला वेळ घेते. साडेतीन इंची हार्डडिस्कचे वजन सुमारे ६५० ग्रॅम, त्यातला मोठा भाग ॲल्युमिनियमचा, आणि चालताना ती साधारण ६ वॅट वीज खाते. ॲल्युमिनियमचा एक ग्रॅम एका अंशाने तापवायला सुमारे ०.९ ज्यूल लागतात, म्हणजे संपूर्ण डिस्कला साडेपाचशे-सहाशे ज्यूल. ६ वॅटच्या दराने, आणि एक कणही उष्णता बाहेर जात नाही असे धरले तरी, एक अंश चढायला सुमारे दीड मिनिट लागेल. नोंदवहीत डिस्क ३६ वरून मिनिटभरात ७१ वर आणि पुढच्या मिनिटाला पुन्हा ३६ वर आलेली दिसली, तर ती डिस्कची गोष्ट नसून वाचणाऱ्याची चूक आहे, असे यंत्राकडे न पाहताही सांगता येते. हाच न्याय प्रोसेसरला मात्र लावता येत नाही. सिलिकॉनचा तो तुकडा नखाएवढा असतो आणि कामाचा भार पडताच त्याचा एखादा कोपरा काही सहस्रांश सेकंदांत वीस-तीस अंशांनी उसळून परत येतो, आणि ही उसळी पूर्णपणे खरी असते.

तिसरी आणि सर्वांत स्वस्त साक्ष रात्रीची आहे. यंत्र विद्युतपुरवठा काढून पाच-सहा तास बंद ठेवले, की त्याचा प्रत्येक भाग खोलीच्या तापमानाला येतो. सकाळी ते चालू करून पहिल्या मिनिटाच्या आत सगळे आकडे वाचावेत: खोलीत भिंतीवरचा तापमापक ३० दाखवत असताना मदरबोर्ड ३१, डिस्क ३०, प्रोसेसर ३८ आणि एक अनामिक संवेदक ८६ असे उतरले, तर त्या अनामिकाची साक्ष फेटाळायला आणखी पुरावा लागत नाही. तो ८६ वर अढळ राहिला तर पाय मोकळा आहे. तो इतरांसोबत वर-खाली होत असेल पण कायम वीस-तीस अंश पुढे असेल, तर मोजपट्टी चुकलेली आहे, आणि याचे नेहमीचे कारण म्हणजे चिपला तिथे डायोड आहे असे सांगितलेले असते आणि प्रत्यक्षात थर्मिस्टर असतो किंवा त्याच्या उलट.

हाताने चाचपून पाहण्याची पद्धत लोकप्रिय आहे आणि ती दगा देते. हीटसिंकला बोट लावले, तो गार लागला, म्हणून इशारा खोटा, हा निष्कर्ष बरेचदा घातक ठरतो, कारण प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधला थर्मल पेस्टचा, म्हणजे दोन पृष्ठभागांमधली हवेची फट बुजवणाऱ्या लेपाचा, थर सुकला किंवा हीटसिंकची एक खिट्टी निसटली, तर उष्णता वर पोहोचतच नाही आणि हीटसिंक गार राहतो. खाली प्रोसेसर भाजत असतो. या दोन अवस्थांमधला फरक भार काढून घेतल्यावर कळतो: सर्व कामे थांबवताच आकडा दोन-तीन सेकंदांत धाडकन पन्नासवर आला, तर उष्णता खरी आहे आणि संपर्क तुटलेला आहे; भार असो वा नसो, आकडा जागचा हलला नाही, तर संवेदक किंवा त्याचे वाचन खोटे आहे. खोट्या इशाऱ्यांवरच्या लेखनात हा खरा इशारा बहुधा निसटतो, म्हणून येथे त्याची मुद्दाम दखल घेतली आहे.

डिस्कांच्या बाबतीत गोंधळाचे मूळ स्मार्ट या आत्मनिरीक्षण-पद्धतीत आहे. या पद्धतीत डिस्क स्वतःच्या प्रकृतीची क्रमांकित गुणवैशिष्ट्ये नोंदवते. १९४ हा क्रमांक तापमानाचा, तर काही डिस्कांत १९० हाही हवेच्या तापमानाच्या नावाने वापरला जातो. प्रत्येक नोंदीला एक कच्चे मूल्य आणि एक शंभराच्या आसपासचे प्रमाणित मूल्य असते आणि प्रमाणित मूल्य जितके मोठे तितकी प्रकृती चांगली, असा संकेत आहे. १९० मध्ये पुष्कळदा प्रमाणित मूल्य म्हणून शंभरातून तापमान वजा केलेले असते, म्हणजे डिस्क ३८ अंशांवर असताना तिथे ६२ लिहिलेले असते. एखाद्या कार्यक्रमाने हा ६२ तापमान म्हणून वाचला, तर इशारा येतोच, शिवाय त्याची चाल उलटी होते: दुपारी डिस्क ४५ वर असताना तो ५५ सांगतो आणि पहाटे ती २५ वर उतरल्यावर ७५. हिवाळ्यातल्या पहाटे, सर्व्हरला काही काम नसताना, अतितापाचे इशारे येऊ लागले तर प्रथम हाच संशय घ्यावा.

कच्च्या मूल्याची कथा निराळी. त्यासाठी ४८ बिट असतात आणि तापमानाला एवढी जागा लागत नसल्याने काही उत्पादक उरलेल्या जागेत आजवरचे किमान आणि कमाल तापमानही कोंबतात. सध्याचे ३८, किमान २१ आणि कमाल ५२ असे तीन आकडे सोळा-सोळा बिटांच्या खणांत मांडले आणि वाचणाऱ्याने खण न पाडता तो सगळा ऐवज एकच संख्या मानला, तर डिस्कचे तापमान २,२३,३३,९६,७५,६८६ अंश निघते. एवढा मोठा आकडा कोणालाही फसवत नाही. फसवतात त्या अर्धवट वाचलेल्या संख्या, ज्यांत चुकीचा खण वाचला गेल्यामुळे सध्याच्या ३८ ऐवजी कधीकाळचा ५२ हाती येतो आणि एकदा गाठलेले कमाल तापमान पुन्हा उतरत नसल्याने इशारा कायमचा चिकटतो. स्मार्टसीटीएल या साधनाजवळ कोणत्या डिस्कचे मूल्य कसे उलगडायचे याची सूची असते, ती अद्ययावत करणे हाच यावरचा पहिला आणि बहुधा शेवटचा उपाय आहे.

आकडा खरा निघाला तरी इशारा खोटा असू शकतो, कारण तुलनेतला दुसरा आकडा, म्हणजे मर्यादा, कोणत्या हवेत ठरवली हा प्रश्न उरतो. सर्व्हरांविषयीच्या मार्गदर्शिका वातानुकूलित खोली गृहीत धरून लिहिलेल्या असतात आणि त्यांत डिस्कसाठी ४० किंवा ४५ अंशांची मर्यादा सुचवलेली असते. मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या पुढे जाणाऱ्या चंद्रपुरात किंवा नागपुरात, पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेल्या यंत्राला ही मर्यादा लावली, तर ते यंत्र बंद असतानाही तिच्याबाहेर असेल. अनेक डिस्कांच्या माहितीपत्रकांत कामकाजाची कमाल मर्यादा ६० अंश किंवा त्याच्या आसपास दिलेली असते. २००७ मध्ये गूगलच्या पिनेइरो, वेबर आणि बारोसो या तीन अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मध्यम पल्ल्यातील तापमान आणि डिस्क निकामी होण्याचे प्रमाण यांत लोक समजत होते तसा ठळक संबंध आढळला नाही. उलट अगदी थंड ठेवलेल्या डिस्का अधिक प्रमाणात गेल्याचे दिसले आणि उष्णतेचा परिणाम फार वरच्या तापमानालाच, तोही वय झालेल्या डिस्कांवर, जाणवला. यावरून डिस्क भाजू द्यावी असे ठरत नाही, पण ४६ अंशांच्या इशाऱ्याने झोप उडवून घेण्याचे कारण नाही, एवढे नक्की ठरते.

मर्यादा एकच ठेवणे ही आणखी एक खोड. ६० ला इशारा सुरू आणि ६० च्या खाली बंद असे ठरवले, की ५९ आणि ६० यांच्यामध्ये झोके घेणारे तापमान तासाभरात डझनावारी पत्रे धाडते. म्हणून चढताना एक आणि उतरताना तीन-चार अंश खालची दुसरी अशा दोन मर्यादा ठेवाव्यात आणि तापमान सलग काही मिनिटे वर राहिले तरच इशारा द्यावा. लिनक्सच्या कर्नललाही हा धडा शिकावा लागला. प्रोसेसरने क्षणभर मर्यादेला स्पर्श करून स्वतःचा वेग कमी केला की नोंदवहीत धोक्याची ओळ उमटत असे, आणि आधुनिक प्रोसेसर मर्यादेला सतत खेटूनच चालत असल्याने या ओळींचा पूर येई. २०१९ च्या अखेरीस केलेल्या बदलानंतर अशा क्षणिक घटना गाळल्या जाऊ लागल्या.

काही इशारे तर उष्णतेविषयी नसतातच. रास्पबेरी पायमध्ये वेग घटवला गेला का हे विचारण्याची एक आज्ञा आहे आणि तिचे उत्तर षोडशमान पद्धतीतल्या, म्हणजे सोळाच्या पटीत मोजणाऱ्या, एका संख्येत येते. त्या संख्येचा प्रत्येक बिट ही एकेक खूण असते. पुष्कळ यंत्रांवर हे उत्तर ५०००० असे दिसते. शून्य नसलेले उत्तर म्हणजे अतिताप, असे धरून चालणारे देखरेखीचे कार्यक्रम आहेत, पण ही संख्या उलगडली तर तिच्यात सोळावा आणि अठरावा असे दोन बिट उभे असतात. सोळावा सांगतो की यंत्र सुरू झाल्यापासून केव्हातरी विद्युतदाब कमी पडला, आणि अठरावा सांगतो की केव्हातरी वेग घटवला गेला. दोष उष्णतेचा नसून चार्जरचा किंवा बारीक तारेच्या केबलचा आहे. ५ व्होल्टचा पुरवठा ४.६३ व्होल्टच्या आसपास घसरला की ही खूण उमटते. शिवाय हे वरचे बिट यंत्र पुन्हा सुरू करेपर्यंत पुसले जात नाहीत, त्यामुळे सोमवारी एकदा पडलेल्या विद्युतदाबाचा इशारा शुक्रवारीही येत राहतो. खरी उष्णता या यंत्रात ८० अंशांपासून वेगाला लगाम घालू लागते आणि ८५ ला तो पुरता आवळते, म्हणून त्याच क्षणी मोजलेले तापमान ५२ असेल तर हीटसिंक विकत आणण्यापूर्वी चार्जर बदलून पाहावा.

जुन्या लॅपटॉपला सर्व्हर केले असता याचाच मोठा भाऊ भेटतो. इंटेलच्या प्रोसेसरला प्रॉकहॉट नावाची एक तार असते, जिच्या नावाचा अर्थच प्रोसेसर तापला असा आहे; पण ही तार दुतर्फी असून प्रोसेसरखेरीज इतर भागही ती ओढू शकतात. काही लॅपटॉपांत बॅटरी काढलेली असली किंवा चार्जर ओळखीचा वाटला नाही, तर विद्युतपुरवठा सांभाळणारी चिप हीच तार ओढते, प्रोसेसर आज्ञाधारकपणे रांगू लागतो आणि ४५ अंशांवर असतानाही तो अतितापामुळे मंदावला अशी नोंद होते. सर्व्हरच्या मदरबोर्डांवर देखरेखीसाठी जो वेगळा नियंत्रक असतो त्याचाही असाच एक नखरा आहे. आवाज नको म्हणून मालकाने मंद फिरणारे पंखे बसवले, की त्यांचे मिनिटाला चारशे-पाचशे फेरे नियंत्रकाच्या किमान मर्यादेखाली जातात, पंखा मेला असे समजून तो सगळे पंखे पूर्ण वेगाने सोडतो, मग फेरे वाढतात, तो निर्धास्त होतो, वेग कमी करतो, आणि दर अर्ध्या मिनिटाला घरभर घुंईऽ असा आवाज उठत राहतो. येथे पंख्याच्या फेऱ्यांची किमान मर्यादा खाली आणणे एवढाच उपाय आहे.

दुरुस्ती शक्य तितकी साखळीच्या त्या सांध्यातच करावी, जिथे दोष सापडला. मोकळा पाय असेल तर एलएम-सेन्सर्सच्या मांडणी-फाइलमध्ये त्या एका नावापुढे इग्नोर लिहावे; मोजपट्टी सरकलेली असेल आणि ड्रायव्हर अद्ययावत करूनही ती सुधारत नसेल, तर त्याच फाइलमध्ये कंप्यूट या शब्दाने दुरुस्तीचे सूत्र द्यावे आणि शेजारी तारीख व कारण टिपून ठेवावे, म्हणजे पुढे दुहेरी वजाबाकीची वेळ आली तर ती ध्यानात येईल. सर्वच इशाऱ्यांची मर्यादा वीस अंशांनी वर ढकलून शांतता मिळवणारे अनेक असतात. त्यांच्या यंत्रात पुढे एखादा पंखा खरोखर थांबतो तेव्हाही तेवढीच शांतता असते.

बदल केल्यावर इशारा अजून जिवंत आहे की नाही हे तपासणेही त्याच दिवशी उरकावे. एका संवेदकाची मर्यादा त्याच्या चालू आकड्यापेक्षा दोन अंशांनी खाली आणावी, फोनवर इशारा येईपर्यंत थांबावे आणि मर्यादा पूर्ववत करावी. डिस्कांवर नजर ठेवणाऱ्या स्मार्टडीला तर चाचणीचे पत्र पाठवण्याचा पर्यायच दिलेला आहे. रात्रभर बंद ठेवलेल्या यंत्राचे सकाळचे पहिले आकडे आणि तासभर भार दिल्यानंतरचे आकडे, दोन्ही खोलीच्या तापमानासह एका चिठ्ठीवर लिहून ती कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावी: खोली ३०, बोर्ड ३१, डिस्क ३०, प्रोसेसर ३८, भारानंतर खोली ३१, बोर्ड ४०, डिस्क ३९, प्रोसेसर ६६. पुढच्या खेपेला इशारा आला, की आधी झाकण उघडून ती चिठ्ठी वाचावी.